पाठीखालची थंडी

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत थंडीची बातमी येते. निफाडचा पारा उतरला, परभणी गारठली, असे मथळे येतात आणि सोबत शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचे छायाचित्र असते. ही माणसे कोण, हे बातमीत नसते. शेकोटी विझल्यावर ती कुठे निजतात, हेही नसते. आकडा मात्र सर्वांच्या तोंडी होतो. म्हणून त्या आकड्यापासूनच सुरुवात केली पाहिजे.

हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. हवेचे तापमान नीट मोजायचे तर त्याला ऊन, वारा आणि उघडे आभाळ यांपासून आडोसा द्यावा लागतो. शास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे. पण जो माणूस उघड्यावर निजतो त्याला असा आडोसा नसतो आणि तो चार फूट उंचीवरही निजत नाही. तो जमिनीवर निजतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीचा पृष्ठभाग आपली उष्णता आभाळाकडे टाकीत राहतो आणि जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. म्हणजे वर्तमानपत्रात नऊ अंश छापले असतील, तर भुईवर निजलेल्या माणसाची रात्र नऊ अंशांची नसते.

‘थंडीची लाट’ कधी जाहीर होते, तेही पाहण्यासारखे आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आले आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असले, म्हणजे लाट मानली जाते. सरासरीच कमी असेल तर पुष्कळदा लाट होत नाही. शरीराला मात्र सरासरी कळत नाही. त्याला त्या रात्रीची थंडी कळते, आणि उद्या पहाटे पुन्हा कामाला उभे राहायचे आहे एवढे कळते.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माय आणि बाप ऊसतोडीला जात. शाळेच्या वयातले माझे बरेच हिवाळे त्यांच्याबरोबर कोपीत गेले. आज वर्गात मी उष्णतेचा धडा शिकवतो. लोखंडी सळईला मेणाने टाचण्या चिकटवून वहन दाखवतो, चंचुपात्रात रंगीत पाणी तापवून अभिसरण दाखवतो, थर्मासची बाटली फळ्यावर काढून प्रारण समजावतो. विद्यार्थी ते लिहून घेतात. त्यांच्यापैकी काहींचे आईबाप त्याच वेळी कुठल्या तरी फडात असतात आणि सळई, चंचुपात्र व थर्मास यांतले सगळे नियम ते रोज रात्री स्वतःच्या अंगावर भोगत असतात. पाठ्यपुस्तकाने ही दोन टोके कधी जोडली नाहीत. ती जोडावीत एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून आणि अहिल्यानगरच्या पाथर्डी भागातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. दिवाळीच्या मागेपुढे ती निघतात, पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळा लागताना परततात. म्हणजे अख्खा हिवाळा ती उघड्या रानात काढतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हा कोयता बांधलेला असतो. यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, महार-मांग आहेत, इतरही भूमिहीन आहेत. त्यांचे घर म्हणजे कोपी. पूर्वी ती कळकाच्या कामट्या, तट्ट्या आणि पाचट यांची असे. आता तिच्यावर बहुधा प्लॅस्टिकचा कागद असतो. तिला भिंत म्हणावी तर ती वाऱ्याने हलते, छत म्हणावे तर त्यातून चांदणे दिसते. कायद्याच्या कागदावर हा मनुष्य बेघर नाही, कारण गावी त्याचे घर आहे. पण वर्षातले पाच-सहा महिने तो उघड्यावरच निजतो.

आता शास्त्राकडे वळू. निजलेला माणूस ही एक मंद चूल आहे. झोपेत तिच्यातून ६० ते ८० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडते. तिचे सरपण म्हणजे रात्री खाल्लेली भाकरी. शरीराचा आतला भाग ३७ अंशांच्या आसपास राहावा लागतो. तो ३५ अंशांच्या खाली गेला की बोलणे अडखळते, बोटे वळत नाहीत, सुस्ती येते आणि शेवटी शुद्ध हरपते. गोधडी किंवा कांबळे स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. चुलीची उष्णता बाहेर पडण्याचा वेग ते कमी करते, आणि हे काम कापडापेक्षाही कापडात अडकलेली स्थिर हवा करते. म्हणूनच एका जाड पांघरुणापेक्षा दोन-तीन पातळ थर पुष्कळदा अधिक ऊब देतात. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थरावर थर घालून दाट टाके मारलेली वाकळ हे त्याचेच उदाहरण आहे.

ही उष्णता चार वाटांनी जाते. पहिली वाट जमिनीची. अंग जमिनीला टेकले की वहनाने उष्णता थेट मातीत जाते आणि मातीचे पोट कधी भरत नाही. इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. थंडी वाजली की माणूस अंगावर आणखी एक पांघरूण ओढतो, पण अंगाखालचे अंथरूण त्याच्या वजनाने चेपलेले असते. त्यातली हवा निघून गेलेली असते. त्यामुळे मऊ वाकळ खाली घातली तर तिची ऊब निम्मीही उरत नाही. खाली असे काही हवे की जे चेपले तरी पोकळ राहील. वाळलेले पाचट, कडबा, भाताचा पेंढा, तरटाच्या घड्या या वस्तू नेमके तेच करतात. माझी माय म्हणायची, ‘अंगावर एक, अंगाखाली दोन.’ तिने पदार्थविज्ञान शिकले नव्हते. पण वहनाचा नियम याहून नेमका मला अजून सांगता आलेला नाही. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढते, हेही लक्षात घेतले पाहिजे. ऊस हे पाण्याचे पीक आहे. कोपी पाटाच्या, चारीच्या किंवा भिजवलेल्या रानाच्या कडेला पडते, आणि ओल आपोआप अंथरुणाखाली येते.

दुसरी वाट वाऱ्याची. अंगाभोवती तापलेली हवेची पातळ साय वारा सारखी पुसून नेतो. म्हणून कोपीचे दार ठेंगणे ठेवायचे आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ करून ठेवायचे. थंडीच्या दिवसांत वारा बहुधा उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येतो, हे तळ उभारणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. बैलगाडी त्या बाजूला आडवी लावणे, पाचटाच्या पेंढ्या रचून आडोसा करणे, हे सगळे याच ज्ञानातून येते. डोके आणि कान झाकणे तितकेच महत्त्वाचे आहे. बाकीचे अंग पांघरुणात असते तेव्हा उघडे डोकेच उष्णता घालवीत राहते.

तिसरी वाट आभाळाची. प्रत्येक तापलेली वस्तू प्रारणाने उष्णता बाहेर टाकते. आभाळ ढगाळ असेल तर ढग त्यातली काही परत पाठवतात. निरभ्र असेल तर ती निघून जाते. म्हणून चांदण्या स्वच्छ दिसणारी रात्र अधिक गार असते. झाडाखाली, ताडपत्रीखाली, गाडीखाली निजलेल्या माणसाला कमी थंडी वाजते ती याच कारणाने. तेथे हवेचे तापमान फारसे वेगळे नसते. पण आभाळ आणि अंग यांच्यामध्ये काहीतरी असते. याला जोडून आणखी एक गोष्ट. गार हवा जड असते. ती उतारावरून वाहत सखल भागात साचते. ओढ्याकाठी किंवा खळग्यात निजणे आणि पन्नास पावले वर, उंचवट्यावर निजणे यांत जाणवण्याइतका फरक पडतो.

चौथी वाट ओलीची. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि वाळताना ते अंगाचीच उष्णता घेते. पहाटे उसाच्या पानांवर दव असते. तोडणाऱ्या बाईचे लुगडे पहिल्या अर्ध्या तासात गुडघ्यापर्यंत भिजते आणि ऊन तापेपर्यंत ओलेच राहते. धुतलेले लुगडे रात्री वाळले नाही तर तेच नेसून निजावे लागते. प्लॅस्टिकच्या कागदाने वारा थांबला हे खरे. पण माणसांच्या श्वासातली वाफ त्यातून बाहेर जात नाही. पहाटे कागदाला आतून थेंब धरतात आणि ते वाकळीवर गळतात. तोंडावर पांघरूण घेऊन निजल्यानेही तेच होते; श्वासाने कापड दमट होते आणि ऊब कमी होते. डोके झाकावे, नाक-तोंड मोकळे ठेवावे, हा साधा नियम आहे.

या चार वाटा सर्वांना सारख्या, पण चूल सर्वांची सारखी नसते. माणसाच्या शरीराचे तापमान झोपेत थोडे उतरते आणि पहाटे चारच्या सुमारास ते सर्वांत कमी असते. रात्रही सूर्योदयाच्या आधी सर्वांत गार असते. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, आणि नेमक्या त्याच वेळी मुकादमाची हाक येते. अंग थरथरते ते उगीच नव्हे. स्नायू हलवून शरीर उष्णता निर्माण करते, पण त्यासाठी पोटात अन्न लागते. उपाशी माणसाला पुरेसे थरथरताही येत नाही. घरात शेवटी जेवणारी बाई असते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला थंडी अधिक बाधते, हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. तान्ह्या मुलाची अवस्था तर याहून नाजूक. वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त असते, म्हणून ते लवकर गार पडते; आणि नवजात बालकाला मोठ्या माणसासारखे थरथरून ऊब आणता येत नाही. त्याला आईच्या उघड्या अंगाशी लावून वरून झाकणे हा उत्तम उपाय आहे. कोलंबियातील बोगोटा येथील डॉक्टरांनी १९७८ च्या सुमारास कमी वजनाच्या बालकांसाठी हीच पद्धत रुग्णालयात सुरू केली आणि पुढे जगभर ती मान्य झाली.

आता दोन घातक समजुतींविषयी. पहिली दारूची. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊबदार रक्त वर येते आणि अंग तापल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या आतली ऊब बाहेर आलेली असते आणि ती वेगाने जाते; शिवाय थरथरणे मंदावते आणि थंडीची जाणीवही बोथट होते. पिऊन उघड्यावर निजलेला माणूस सकाळी उठला नाही, असे आपण ऐकतो ते यामुळे. दुसरी समजूत निखाऱ्यांची. घमेल्यात निखारे भरून कोपीत ठेवले की ऊब येते. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच संपतो. तट्ट्यांच्या जुन्या कोपीत फटी तरी होत्या. प्लॅस्टिकने बंद केलेल्या कोपीत हा धोका वाढला आहे. वर पाचटाला ठिणगी लागण्याचे भय वेगळेच. शेकोटी बाहेर असावी आणि निजण्यापूर्वी विझवावी. आत न्यायची असेल तर शेकोटीत तापवलेली वीट कापडात गुंडाळून पायाशी न्यावी, किंवा गरम पाण्याची घट्ट बुचाची बाटली. त्यांतून ऊब मिळते, वायू निघत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की हे लोक पिढ्यान्‌पिढ्या असेच निजत आले आहेत, त्यांना सवय आहे. हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून वारंवार ऐकले आहे. सवयीचे शास्त्र काय सांगते? १९५८ साली शोलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. थंड रात्री हे लोक जवळजवळ उघड्या अंगाने निजत. त्याच थंडीत निजलेले गोरे संशोधक थरथरत जागे राहिले, आदिवासी मात्र झोपले. पण मोजमाप केले तेव्हा आदिवासींची कातडी आणि शरीर अधिक थंड झालेले आढळले. त्यांचे शरीर गार पडू देऊन झोपायला शिकले होते. सवयीचा अर्थ हा आहे. सवय झालेल्या माणसालाही थंडी लागते. त्याचे अंग तक्रार करायचे सोडून देते इतकेच. म्हणून ‘त्यांना थंडी वाजत नाही’ असे म्हणणारा माणूस शास्त्र सांगत नसतो, तो स्वतःची झोप सुरक्षित करीत असतो.

या देशात हा समज नुसत्या अज्ञानातून आलेला नाही. कोणाच्या अंगावर कोणते कापड असावे याचे नियम इथे ग्रंथात लिहिले गेले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. गावगाड्यात महाराला मढ्यावरचे कापड ‘हक्क’ म्हणून मिळत असे. आणि गावाने दारे लावून घेतली की वेसकर वेशीवर जागा असे. गावाच्या झोपेचा पहारा उघड्यावर बसलेल्या माणसाने करायचा आणि त्याच्या अंगावर मेलेल्याचे कापड असायचे, अशी ही व्यवस्था होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. महार वतने १९५८ च्या कायद्याने संपली. पण उबेची वाटणी मात्र संपली नाही, तिचे मालक बदलले.

वर सांगितलेल्या चार वाटा पुन्हा पाहा. जमिनीची वाट बंद करायला पाचट हवे, पाचट रानमालकाचे. वारा आणि खळगा टाळायला उंचवट्याची जागा हवी. तळ कुठे टाकायचा ते कारखाना आणि मुकादम ठरवतात, आणि चांगले रान कोणी तळाला देत नाही. ओल टाळायला दुसरे कोरडे लुगडे हवे. ते उचलीच्या हिशेबात बसत नाही. जाड वाकळ हवी तर घरात जुनी लुगडी हवीत. ज्या घरात लुगडे फाटून चिंधी होईपर्यंत नेसावे लागते त्या घरची वाकळ पातळच असते. प्रेमचंदांच्या १९३० च्या ‘पूस की रात’ या कथेत हल्कूने कांबळ्यासाठी जमवलेले तीन रुपये सावकाराला जातात आणि त्याला पौषातली रात्र शेतात कुडकुडत काढावी लागते. आज सावकाराच्या जागी मुकादमाची वही आहे. कर्जात सर्वांत आधी कापले जाते ते पांघरूण.

कायद्याने याची दखल अगदीच घेतली नाही असे नाही. शहरांतील बेघरांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली रात्रनिवाऱ्यांबाबत आदेश दिले, आणि २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात लाख लोकवस्तीमागे एक निवारा असा निकष ठरला. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले गेले; त्यांपैकी महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक होते. पण ती गणना फेब्रुवारीच्या अखेरीस झाली आणि कोपीतला मनुष्य ‘गावी घर असलेला’ म्हणून या प्रश्नाच्या चौकटीतच येत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या १९७९ च्या कायद्यात ठेकेदाराने योग्य निवास आणि संरक्षक कपडे द्यावेत असे लिहिले होते. बीडहून कोल्हापूरला जाणाऱ्याला तो लागू नव्हता, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसे. थंडी मात्र दोन्हीकडे तीच.

मग करायचे काय? हिवाळ्यात आपले कार्यकर्ते वर्गणी काढून ब्लँकेटे वाटतात. ते वाटू नये असे मी म्हणणार नाही. पण दहा ब्लँकेटांच्या पैशांत पाच ब्लँकेटे आणि बाकीच्या जाड चटया, तरटे, कानटोप्या घेतल्या तर अधिक माणसे झोपतील. आधी पाठीखाली, मग डोक्यावर, मग अंगावर, हा क्रम ठेवावा. वाटताना निखारे आणि दारू यांविषयी दोन वाक्ये सांगावीत; ती ऐकणाऱ्याला कमी लेखून सांगू नयेत, कारण आडोसा आणि अंथरूण यांविषयी तोच आपल्याला चार गोष्टी सांगू शकेल.

दुसरे काम विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे आहे. प्रयोगशाळेतले दोन तापमापक घ्यावेत. जवळच्या एखाद्या तळावर, तिथल्या माणसांना विचारून, एक कोपीच्या आत अंथरुणाच्या उंचीवर आणि एक बाहेर भुईवर ठेवावा. डिसेंबर-जानेवारीतल्या रोजच्या रात्री दहा वाजता, दोन वाजता आणि पहाटे पाच वाजता नोंद करावी. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी वर्तमानपत्राने छापलेला आकडा लिहावा. कोपी कशाची आहे, जमीन ओली की कोरडी, आत किती मुले, हेही लिहावे. एका हिवाळ्यात अशी वीस तळांची वही तयार झाली, तर ‘सवय आहे’ या उत्तराला आपल्याजवळ आकड्यांचे प्रत्युत्तर असेल.

त्या वहीच्या आधारे करायची मागणी साधी आहे. तळासाठी उंचवट्यावरची कोरडी जागा, जमिनीपासून हातभर वर उचललेले ओटे किंवा फळ्या, हवेला वाट असलेले पक्के छत, आणि पाचट घेण्याचा हक्क. हे दान म्हणून मागायचे नाही, तोडणीच्या दरात आणि करारात लिहून घ्यायचे आहे. दिवसभर साखरेसाठी राबलेल्या शरीराला रात्री स्वतःची उष्णता टिकवता आली पाहिजे, हा मजुरीचाच भाग आहे. पुढचा गळीत हंगाम सुरू होईल तेव्हा पहिल्या नोंदी घेण्यासाठी कोणकोणत्या महाविद्यालयांतून विद्यार्थी निघणार आहेत, ते आपण आतापासून ठरवू या.